समुद्रातला स्वल्पविराम

नंदुरबार आणि समुद्र यांचा संबंध काय, असे कुणी विचारले तर शाळकरी पोरदेखील हसेल. महाराष्ट्राच्या पार वायव्य कोपऱ्यातला हा जिल्हा. १ जुलै १९९८ रोजी तो जुन्या धुळे जिल्ह्यातून वेगळा निघाला. उत्तरेला सातपुडा, त्याच्या कुशीत धडगाव-अक्कलकुव्याचे डोंगरी पाडे, खाली शहादे-तळोद्याची काळी जमीन आणि मधून वाहणारी तापी. नंदुरबारच्या स्टेशनावरून सुरतेची गाडी धरली, तर दीडशे किलोमीटरांहून अधिक अंतर मागे टाकावे तेव्हा कुठे खाऱ्या वाऱ्याची चाहूल लागायची. डोंगरातल्या कित्येक म्हाताऱ्या माणसांनी समुद्र उभ्या जन्मात पाहिलेला नाही.

आणि तरीही आठवड्याच्या बाजारात एक फेरी मारून पाहा. नंदुरबारची लाल मिरची सर्वांना ठाऊक आहे. त्या मिरचीच्या ढिगांपासून चार पावलांवर कुणी तरी गोणपाट अंथरून बसलेले असते आणि त्यावर सुकट, बोंबील, जवळा यांचे ढीग असतात. डोंगरातून उतरून आलेल्या बाया मापाने सुकट घेतात, ओच्यात बांधतात आणि पुन्हा घाट चढू लागतात. म्हणजे समुद्र येथे येतो, तो असा कोरडा होऊन, वजनाने विकला जात. उलट बाजूने पाहिले तर नंदुरबारचे पाणीही समुद्राला जातेच. जिल्ह्याच्या उत्तर शिवेवरून नर्मदा, मध्यातून तापी. दोघीही पश्चिमवाहिनी आणि दोघीही खंबायतच्या आखातात जाऊन मिळणाऱ्या. आता तापीवर उकाईचे आणि नर्मदेवर सरदार सरोवराचे धरण आडवे उभे आहे, आणि दोन्हींचे फुगवटे जिल्ह्यात शिरले आहेत. पण नद्यांची तोंडे तिकडेच आहेत.

या देवघेवीत एक प्रवासी असा आहे की तो कुणाच्या ओच्यात दिसत नाही आणि कुणाच्या मापात मोजला जात नाही. तो म्हणजे समुद्रात राहणारा एक सूक्ष्म जंतू, किंवा जंतूंचे एक मोठे घराणेच म्हणा ना. शास्त्रज्ञ या घराण्याला 'व्हिब्रिओ' म्हणतात. लॅटिन भाषेत या शब्दाच्या मुळाशी थरथरणे आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर हे जंतू शेपटीसारख्या एका तंतूच्या जोरावर असे भिरभिरत असतात की नाव ठेवणाऱ्याचे कौतुक वाटते. आकार बहुधा किंचित वाकडा, वाक्यातल्या स्वल्पविरामासारखा. या घराण्यातले बहुतेक जण निरुपद्रवी, नव्हे उपकारकच आहेत. कोळंबी, खेकडे आणि समुद्रातले असंख्य बारीक जीव आपली कवचे टाकून देतात. ती कायटिन नावाच्या चिवट द्रव्याची असतात. ती कुजवून पुन्हा जीवसृष्टीच्या उपयोगी आणण्याचे सफाई-कामगाराचे काम हे जंतू करतात. ते नसते तर समुद्राचा तळ टाकलेल्या कवचांनी भरून गेला असता. पण मोठ्या घराण्यात चार उनाड निघायचेच.

ओसाकाची मासळी आणि योकोहामाची काकडी

ऑक्टोबर १९५० मधली गोष्ट. जपानातील ओसाका शहराच्या दक्षिणेकडच्या वस्तीत एकाएकी माणसांना ओकाऱ्या, जुलाब आणि पोटात असह्य मुरडा सुरू झाला. २७२ माणसे आजारी पडली आणि त्यांतली २० दगावली. चौकशी केली तेव्हा सर्वांच्या जेवणात एक पदार्थ निघाला, 'शिरासू'. लहान माशांची पिल्ले उकडून अर्धवट वाळवायची, असा हा जपानी घरांतला अगदी नित्याचा प्रकार. ओसाका विद्यापीठातल्या त्सुनेसाबुरो फुजिनो या डॉक्टरांनी त्या मासळीतून आणि मृतांच्या आतड्यांतून एक अपरिचित जंतू वेगळा काढला.

पण कोडे पुरते सुटायला पाच वर्षे जावी लागली. १९५५ साली योकोहामाच्या एका रुग्णालयात तशीच साथ उद्भवली आणि यावेळी गुन्हेगार ठरली ती मासळी नव्हे, चक्क मीठ लावून ठेवलेली काकडी! प्रयोगशाळेत जंतू वाढवण्यासाठी जे नेहमीचे खाद्य वापरतात त्यात मीठ बेताचेच असते. तेथल्या संशोधकांनी खाद्यात मीठ वाढवले आणि हा पठ्ठ्या धडाधड वाढू लागला. मीठ नाही तर तो नाही. समुद्राचे मूल ते, आईचे दूध त्याला हवेच. पुढे १९६३ साली त्याला 'व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस' हे लांबलचक नाव मिळाले. आपण त्याला मिठाळ जंतू म्हणू.

आपल्या घरांतल्या गृहिणींनी या काकडीवर जरा विचार करावा असे मला वाटते. काकडीत समुद्राचा जंतू कुठून येणार? तो येतो मासळी चिरलेल्या फळीवरून, विळीवरून, न धुतलेल्या हातावरून. कालवण रटरटून उकळते, त्यात हा जंतू मिनिटभरही तग धरीत नाही. साठ-पासष्ट अंश उष्णतेला त्याचे काम संपते. पण ज्या विळीवर कोळंबी सोलली त्याच विळीवर लगेच कोशिंबिरीची काकडी चोचवली, की उकळण्याचे सारे पुण्य फुकट गेले. आपल्या जुन्या घरांतून मासळीची विळी निराळी, भाजीची निराळी असे. आपण त्याला सोवळे-ओवळे म्हणून हसलो. त्या चालीत भेदाभेदाचा भाग होता, तो गेला हे उत्तमच झाले. विळी मात्र निराळी राहायला हरकत नव्हती.

या जंतूची दुसरी खोड म्हणजे त्याचा वाढण्याचा वेग. अन्नातून बाधा करणाऱ्या बहुतेक जंतूंना एकाचे दोन व्हायला अनुकूल परिस्थितीत वीस-तीस मिनिटे लागतात. हा आठ-दहा मिनिटांत दुप्पट होतो. सकाळी बाजारातून आणलेली पिशवी 'जरा वेळाने करू' म्हणून ओट्यावर दोन तास राहिली, तर हिशेब ज्याचा त्याने करावा. बर्फात किंवा फ्रीजमध्ये त्याची वाढ थांबते. तो मरत नाही, फक्त थांबतो. म्हणूनच नंदुरबारसारख्या दूरच्या गावी गाडीतून आलेल्या ताज्या मासळीचा बर्फ वाटेत वितळला होता की नाही, हा प्रश्न तेथल्या गिऱ्हाइकाला मुंबईकरापेक्षा अधिक जवळचा आहे. त्यामानाने तो गोणपाटावरचा कडकडीत वाळलेला बोंबील निर्धोक. नीट वाळलेल्या मासळीत पाणीच उरत नाही, आणि पाण्याविना कोणताही जंतू वाढत नाही. घात करते ती ओसाकासारखी अर्धवट वाळवण.

हा जपानी जंतू आपल्याकडे नाही असे मात्र समजू नये. १९९६ च्या फेब्रुवारीत कलकत्त्याच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात त्याचा एक नवाच वाण आढळला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत तो आशियाभर पसरून अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन पोचला. घराण्यातला आणखी एक भाऊ 'व्हल्निफिकस' याहून क्रूर आहे. तो कच्च्या कालवांतून पोटात जातो, किंवा पायाला जखम असताना कोमट खाऱ्या पाण्यात उतरले तर तिच्यातून रक्तात शिरतो. ज्यांचे यकृत बिघडलेले आहे अशांना तो दोन-तीन दिवसांत नेतो. २००५ साली अमेरिकेत कॅटरिना वादळाच्या पुरानंतर अशा जखमांचे बळी गेले. आपल्याकडे कालवे कच्ची खाण्याची चाल नाही, हे आपले भाग्य. परदेशी हॉटेलांचे अनुकरण करताना एवढे लक्षात असू द्यावे.

उजळणारे हौद

माणसाच्या आधी या जंतूंचे जुने भक्ष्य म्हणजे समुद्रातलेच प्राणी. मासे, शिंपले, प्रवाळ, आणि सर्वांत अधिक कोळंबी. कोळंबीची शेती करणाऱ्यांना पिल्ले लागतात. ही पिल्ले मोठ्या हौदांतून वाढवतात. १९८० नंतर फिलिपाइन्सपासून आपल्या किनाऱ्यापर्यंत ठिकठिकाणच्या हौदवाल्यांना एक विलक्षण देखावा दिसू लागला. रात्री दिवे मालवले की हौदातले पाणी निळसर हिरव्या प्रकाशाने उजळे. क्षणभर पाहणारा भान विसरेल. पण हौदाचा मालक मात्र कपाळाला हात लावी, कारण सकाळी तळाशी मेलेल्या पिल्लांचा थर साचलेला असे. प्रकाशणारी ती पिल्लेच असत, आणि त्यांच्या अंगात 'व्हिब्रिओ हार्वेई' हा जंतू भरलेला असे.

या प्रकाशामागची हकिकत मोठी मौजेची आहे. एकटा-दुकटा जंतू प्रकाशत नाही. प्रत्येक जंतू पाण्यात एक रासायनिक द्रव्य थोडे थोडे सोडीत असतो. आसपास त्याचे प्रमाण पुरेसे वाढले, म्हणजेच आपण पुष्कळ जण जमलो असे कळले, की सारे एकदम दिवा लावतात. सभेला गणसंख्या भरल्याशिवाय ठराव मांडायचा नाही, असा हा नियम! १९७० च्या सुमारास अमेरिकेतील वुडलँड हेस्टिंग्ज आणि केनेथ नील्सन यांनी तो उजेडात आणला आणि पुढे बॉनी बॅसलर या विदुषीने त्याची भाषा उलगडली. हवाई बेटांजवळ एक इवलासा माकूळ अशाच एका जंतूला आपल्या पोटाखाली जागा देतो आणि त्याच्या उजेडाने चांदण्या रात्री स्वतःची सावली लपवतो. म्हणजे एकाच घराण्यातला एक जण कोळंबीचा काळ आणि दुसरा माकूळाचा कंदील.

२००९ पासून कोळंबीवर दुसरे संकट आले. चीनमध्ये तळ्यांत सोडलेली पिल्ले महिन्याभराच्या आत मरू लागली. मग व्हिएतनाम, मलेशिया, थायलंड असा हा रोग पसरत गेला. हजारो कुटुंबांची तळी ओस पडली. २०१३ साली अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाच्या डोनाल्ड लाइटनर यांच्या पथकाने कारण शोधून काढले, आणि ते आपल्या ओळखीचेच निघाले : ओसाकाचा मिठाळ जंतू! त्याने कुठून तरी विषाची जनुके उचलली होती, आणि ते विष किडे मारणाऱ्या एका वेगळ्याच जंतूच्या विषाशी मिळतेजुळते होते. कोळंबी ही किड्यांची चुलत बहीणच, त्यामुळे बाण अचूक लागला. माणसाला आजारी पाडणारी जनुके या वाणात सहसा नसतात. पालघर, रायगड, रत्नागिरीच्या खाड्यांकाठी ज्यांची तळी आहेत त्यांना अशा बातम्या वाचून झोप लागत नसेल तर नवल नाही. घाबरून तळ्यात प्रतिजैविक औषधे ओतण्याचा मोह मात्र वाईट. त्याने औषधांना न जुमानणारे जंतू तयार होतात आणि परदेशी गेलेला मालही परत येतो.

घराण्यातला थोरला

आता या घराण्यातल्या थोरल्याकडे येऊ. आपल्या आजी-आजोबांना तो पुरता माहीत होता, पण तो समुद्राचा आहे हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. त्याचे नाव पटकी. इंग्रजी शिकलेले कॉलरा म्हणत. खेडोपाडी नावच घेत नसत. जरीमरी म्हणत, मरीआईचा कोप म्हणत आणि तिचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडत. सकाळी धडधाकट असलेला माणूस तिन्हीसांजेला सरणावर, असे हे दुखणे.

मराठी भाषेने या रोगाच्या इतिहासाला एक शब्द दिला आहे, याची फारशांना कल्पना नसते. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच एक ग्रंथ छापला. हिंदुस्थानातल्या औषधींवरचा तो ग्रंथ संवादरूप आहे. त्यात ओकाऱ्या-जुलाबांनी झटपट जीव घेणाऱ्या एका रोगाचे वर्णन असून, इथले लोक त्याला 'मोर्शी' म्हणतात असे तो सांगतो. त्याच्याही आधी, १५४३ च्या गोव्यातील साथीचे वर्णन गास्पार कोरेया या बखरकाराने लिहून ठेवले आहे. हा शब्द म्हणजे आपली 'मोडशी'. पोर्तुगिजांनी तिचे 'मोर्देशी' केले, आणि फ्रेंचांनी कान टवकारून ऐकले ते 'मॉर द शिआं', म्हणजे कुत्र्याचे मरण! आज आपण साध्या अपचनाला मोडशी म्हणतो. शब्दाचे विष उतरले.

गोवा, मुंबई, गंगेचे मुख ही सारी खाऱ्या-गोड्या पाण्याच्या संगमाची ठिकाणे. पण १८१७ साली बंगालातून जी साथ उठली ती तेथे थांबली नाही. सैन्याच्या तळांबरोबर, बाजारबुणग्यांबरोबर ती हिंदुस्थानभर फिरली. पेशवाई बुडाली त्या १८१८ च्या पावसाळ्यात ती दख्खन ओलांडून मुंबईत येऊन पोचली. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे कोणतीही मोठी यात्रा म्हटली की पटकीची धास्ती ठरलेली. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना टोचणी घ्यावी लागे, ती याचसाठी. ही टोचणी वाल्देमार हाफकीन यांची. १८९२ च्या जुलैत पॅरिसमध्ये त्यांनी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली, दुसऱ्या वर्षी ते हिंदुस्थानात आले, १८९६ मध्ये प्लेगसाठी मुंबईला आले आणि परळच्या त्या संस्थेला १९२५ पासून त्यांचेच नाव आहे.

जंतू प्रथम पाहिला इटलीच्या फिलिप्पो पाचिनीने, १८५४ साली, पण त्याचे कुणी ऐकले नाही. रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्यात तो वेगळा काढून दाखवला आणि आकारावरून त्याला 'स्वल्पविराम' म्हटले. जगाने ऐकले ते कॉखचे. पण जंतू सापडला म्हणून तो माणसाला मारतो कसा हे कळत नव्हते. ते दाखवून दिले कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी. साधीशी प्रयोगशाळा, तुटपुंजी साधने. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जंतू सोडले तर तो पाण्याने फुगतो, हे त्यांनी १९५३ मध्ये दाखवले. १९५९ साली जंतू गाळून काढून टाकलेला नुसता द्रव घातला, तरीही आतडे फुगले! म्हणजे मारतो तो जंतू नव्हे, त्याचे विष. हे विष आतड्याच्या पेशींतले पाण्याचे नळ जणू उघडे ठेवून देते, आणि मोठ्या माणसाच्या अंगातून दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी वाहून जाऊ शकते. परक्या देशातल्या नोबेल विजेत्या जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचे नाव नोबेलसाठी पुनःपुन्हा सुचवले. १९८५ मध्ये डे वारले तोवर आपल्या देशात त्यांचे नाव किती जणांनी ऐकले होते?

एक प्रश्न तरीही उरला होता. दोन साथींच्या मधल्या काळात हा जंतू असतो कुठे? विहीर तपासावी तर सापडत नाही, नदी तपासावी तर सापडत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा दारात हजर. उत्तर दिले अमेरिकेच्या रीटा कोलवेल यांनी. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाडीच्या पाण्यातून बाजरीच्या दाण्याहून लहान असे कवचधारी जीव गोळा केले. शास्त्रात त्यांना कोपेपॉड म्हणतात. त्यांच्या कवचाला, तोंडाला, अंड्यांच्या पिशवीला पटकीचे जंतू चिकटलेले होते, एकेकाच्या अंगावर हजारो. परिस्थिती प्रतिकूल झाली की हे जंतू आकसून निद्रिस्त होतात. जिवंत असतात, पण प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाहीत, म्हणून कुणाला सापडत नाहीत. पाणी कोमट झाले, हिरवे शेवाळ वाढले, कोपेपॉड वाढले, की हेही जागे. थोडक्यात, पटकीचे माहेर खाडीत आहे. माणसाचे आतडे हे तिचे सासर. मिठाळ जंतूला मीठ भरपूर लागते, म्हणून तो डोंगरापर्यंत येतो तो मासळीच्या पाठीवर बसूनच. या थोरल्याला मात्र थोड्या मिठावरही भागते. तो गोड्या नदीत, विहिरीत, माणसाच्या पोटात बसून कुठेही जाऊ शकतो, सातपुड्याच्या शेवटच्या पाड्यापर्यंतसुद्धा.

देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा करता आला, कारण त्याला माणसाशिवाय घर नव्हते. पटकीला समुद्र आहे. तिला हाकलून कुठे देणार?

नऊवारीच्या चार घड्या

कोपेपॉडचा शोध लागल्यावर कोलवेलबाईंना जो उपाय सुचला तो ऐकून आपल्या आज्या हसल्या असत्या. जंतू कापडातून आरपार जातो, पण ज्याला तो चिकटतो तो जीव जात नाही. मग पाणी कापडाने गाळले तर? बांगलादेशातील मतलब भागात पासष्ट खेड्यांतून हा प्रयोग झाला. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी. तिच्या चारहून अधिक घड्या घागरीच्या तोंडावर घालून पाणी गाळायचे आणि मग ते कापड धुऊन उन्हात वाळवायचे. नव्या कापडापेक्षा जुने बरे, कारण धुण्याने धागे फुलतात आणि छिद्रे बारीक होतात. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्याने घटले.

वस्त्रगाळ पाणी! जैन घरांतून तर तो धर्मच. महाराष्ट्राला याचा आणखी एक अनुभव आहे. पायऱ्यांच्या विहिरींतून पाणी पिणाऱ्यांना पूर्वी नारू होई. पायातून हातभर लांब पांढरा दोरा बाहेर पडताना पाहिलेली माणसे अजून हयात आहेत. नारूची अळी ज्या सायक्लोप्स नावाच्या जीवातून पोटात जाई, तो गोड्या पाण्यातला कोपेपॉडच, म्हणजे खाडीतल्या पटकीच्या वाहनाचा भाऊबंद. विहिरींच्या पायऱ्या बंद केल्या, पाणी गाळून पिण्याचा प्रचार गावोगाव झाला, आणि १९९६ नंतर देशात नारूचा रोगी आढळला नाही. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. नारूला घालवणारे फडके पटकीला निम्मेच अडवते. कारण नारूचा सारा प्रवास त्या जीवातून होतो, पटकी मोकळ्या पाण्यातूनही येते. म्हणून गाळून उकळणे हे अधिक चांगले. गाळणे हे न उकळण्याहून चांगले.

आणि तरीही रोग झालाच तर? येथे दुसऱ्या एका बंगाली डॉक्टरांचे नाव घ्यायलाच हवे. १९७१ साली पूर्व बंगालातून निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा सरहद्दीवरील बनगावला पटकीने थैमान घातले. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या बांधल्या, पाण्यात कालवल्या आणि नातेवाइकांच्या हाती पेला दिला. पटकीचे विष पाणी बाहेर ओतणारे नळ उघडते, पण साखरेबरोबर मीठ आत ओढणारी वाट मोकळीच राहते, हे शास्त्र त्यामागे होते. जेथे दहांत तीन माणसे मरत होती तेथे शंभरांत चारांहूनही कमी मरू लागली. डॉक्टर २०२२ मध्ये वारले, पद्मविभूषण मिळाले ते त्यानंतर, २०२३ मध्ये. घरी पुडी नसली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मीठ मात्र जास्त पडू देऊ नये. आणि जुलाब तांदळाच्या धुवणासारखे पांढरे, पाण्यासारखे होत असतील तर हे पाजत पाजतच दवाखाना गाठावा.

डोंगरातला पावसाळा

हे सारे जुने झाले असे वाटत असेल तर जुलै २०२२ आठवावा. त्याच सातपुड्यात पूर्वेकडे, अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत पटकीची साथ आली. नळाचे पाणी बंद होते, म्हणून लोकांनी उघड्या विहिरीचे पाणी प्यायले. माणसे दगावली. समुद्र तेथून शेकडो किलोमीटर. जंतूला समुद्रावरून नव्याने यावे लागत नाही. त्याला वाट दाखवायला एक रोगी आणि विहिरीकडे उतार असलेली जमीन पुरते. पहिल्या पावसाचा लोंढा शेतातली, आडोशाची सारी घाण विहिरीत नेऊन घालतो. नंदुरबारच्या डोंगरी तालुक्यांतली रचना याहून निराळी नाही. विखुरलेले पाडे, झऱ्यावरचे पाणी, दवाखान्यापर्यंतची लांब पायवाट. शहरात आपण तोटी फिरवतो तेव्हा ती आपल्यासाठी कुणी तरी आधीच गाळलेली, क्लोरीन घातलेली असते, हे विसरून जातो.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्थितीप्रमाणे हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देण्याची पद्धत आहे. लाल कार्ड मिळालेल्या गावाला पावसाळ्यात जपावे लागते. प्रत्येक ग्रामपंचायतीत एक जलसुरक्षक असतो. काम साधे दिसते. बादलीत ब्लीचिंग पावडर कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडून बादलीने ढवळायचे, अर्धा तास थांबायचे. मग नळीत थोडे पाणी घेऊन औषधाचा थेंब टाकायचा. पाणी पिवळे झाले की ठीक. पण ही पावडर ओलसर जागी उघडी पडली तर तिचा जोर जातो, पाणी पिवळे होत नाही, आणि पावडर टाकल्याची नोंद मात्र वहीत झालेली असते.

वाहत्या झऱ्यात पावडर टाकून उपयोग नसतो, ती वाहून जाते. तेथे घरोघर क्लोरीनच्या बाटल्या वाटतात. हंड्यात मोजके थेंब टाकायचे. पुष्कळ घरांत ती बाटली कोनाड्यातच राहते, कारण पाण्याला वास येतो. हंडा फडक्याने झाकून अर्धा तास ठेवला तर वास बराच कमी होतो, हे आशाताई दर पावसाळ्यात दारोदार जाऊन सांगत असतात, आणि फडके दोन घड्यांचे नव्हे, चार घड्यांचे घ्या, हेही.